संगणक प्रशिक्षणास निघालेल्या लिपिकास पत्र

चिरंजीवास,

सप्रेम आशीर्वाद.

संगणक प्रशिक्षणासाठी तुझे नाव पाठवल्याचा आदेश निघाला आणि त्यापाठोपाठ "एमएस-सीआयटी तर मी केव्हाच उत्तीर्ण झालो आहे, मग आता हे कशासाठी?" हा तुझा प्रश्नही माझ्यापर्यंत पोहोचला. प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा तो अभ्यासक्रम शासकीय सेवेची अटच होऊन बसल्यामुळे बहुतेक जण तो नोकरी मिळवण्यासाठी करतात आणि प्रमाणपत्राची प्रत सेवापुस्तकाला जोडली की विसरून जातात. तुझेही तसेच झाले असेल, तर त्यात नवल नाही. पण नोकरीआधी शिकलेला संगणक आणि टेबल सांभाळू लागल्यावर शिकलेला संगणक यांत मोठा फरक असतो, कारण आता तुझ्याजवळ अडलेली कामे आहेत.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, प्रशिक्षणाला कोरी वही घेऊन जाऊ नकोस. जाण्याआधीच्या आठवड्यात आपल्या टेबलावरचे कोणते काम पुन्हा पुन्हा हाताने करावे लागते, एकच नाव किती नोंदवह्यांत उतरवावे लागते आणि मासिक विवरणपत्र जुळवताना नेमके कोठे घोडे अडते, हे लिहून काढ. "मला एक्सेल शिकवा" असे म्हटल्यास प्रशिक्षक त्याला ठाऊक असलेले शिकवील; परंतु "सर्व तालुक्यांकडून येणाऱ्या विवरणपत्रांत प्रत्येकाने रकान्यांची नावे वेगळी घातलेली असतात, ती एकत्र करण्यात माझे दोन दिवस जातात, यावर उपाय काय?" असे विचारल्यास त्याला तुझ्या कामात उतरावे लागेल. मग तो तुला रकान्यांची शीर्षके कुलूपबंद केलेला कोरा नमुना तालुक्यांना आधीच पाठवायला शिकवील आणि एखाद्या रकान्यात ठरवून दिलेल्या यादीतलेच उत्तर निवडता यावे अशी सोय कशी करायची तेही दाखवील. तेवढे एक साधले, तरी आदेशाचे सार्थक झाले असे मी समजेन.

आता मराठी टंकलेखनाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण प्रशिक्षणात हा विषय अर्ध्या तासात उरकला जातो. मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा तू दिली आहेस, म्हणजे वेग आहे. प्रश्न अक्षर कोणत्या रूपात साठते याचा आहे. आपल्या कार्यालयातील जुन्या संगणकांवर निरनिराळ्या खासगी फाँटांत टंकलेली शेकडो पत्रे पडून आहेत. तो फाँट नसलेल्या संगणकावर ती उघडली की कागदभर अगम्य चिन्हे दिसतात, आणि फाँट असला तरी त्यांत एखादे गाव किंवा नाव शोधता येत नाही, कारण तिथे साठलेली असतात रोमन अक्षरांची आणि चिन्हांची सांकेतिक मूल्ये. फाँट त्यांना फक्त मराठी रूप देतो. युनिकोड या जगभर मान्य असलेल्या अक्षरसंकेतात लिहिलेला मजकूर मात्र कोठेही मराठीच राहतो आणि शोधताही येतो. तेव्हा नवे काहीही युनिकोडमध्येच लिहावे, आणि जुने लागेल तेव्हा ते युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढून जोडाक्षरे डोळ्यांनी तपासून घ्यावीत.

कळफलकाचा प्रश्न निघेल तेव्हा १९८६ साली प्रमाण ठरवलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीचा आग्रह धर, असे मी सुचवीन. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. 'के'च्या कळीवर क आहे आणि शिफ्टसह ख, 'एच'च्या कळीवर प आहे आणि शिफ्टसह फ. एवढी संगती एकदा ध्यानात आली की बोटे आपोआप चालू लागतात. 'दुसऱ्या', 'करणाऱ्या', 'शेतकऱ्यांना' हे शब्द लिहिताना पुष्कळांची तारांबळ उडते आणि कार्यालयीन पत्रांतून सर्रास 'शेतकर्यांना' जाते. साधा र लिहून पाय मोडला आणि य लिहिला की रफारच येणार. त्याऐवजी शिफ्ट धरून 'जे'ची कळ दाबावी, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ उमटतो. मग 'डी'च्या कळीने पाय मोडावा आणि य लिहावा. एवढ्या एका कळीसाठी शासकीय मराठीची किती वर्षे शोभा झाली आहे, हे जुन्या नस्त्या चाळताना तुझ्या लक्षात येईलच.

तक्त्यांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती सूत्रांची नव्हे. बेरीज, सरासरी, एका यादीतली नावे दुसऱ्या यादीशी पडताळणे, हे तू चार दिवसांत शिकशील. संगणक न विचारता काय बदलतो, ते मात्र मुद्दाम शिकून घे. एका कार्यालयात लाभार्थ्यांच्या बँक खात्यांची यादी तयार झाली, तिच्यावर सह्या झाल्या, ती बँकेत गेली आणि पुष्कळ रकमा परत आल्या. कारण एवढेच की, एक्सेल कोणतीही संख्या फक्त १५ अंकांपर्यंत अचूक ठेवते. १६ अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून टंकला की शेवटच्या अंकाच्या जागी शून्य बसते, तेही मुकाट्याने. क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असेल, तर ते गळून पडते. १२ अंकी आधार क्रमांक पडद्यावर चमत्कारिक दशांशरूपात दिसला, तरी आतला आकडा शाबूत असतो आणि रकान्याचे स्वरूप बदलले की पुन्हा नीट दिसतो. खाते क्रमांकाचा गेलेला अंक मात्र काही केल्या परत येत नाही. म्हणून क्रमांक टंकण्यापूर्वीच त्या रकान्याचे स्वरूप 'टेक्स्ट' करून ठेवावे. ज्याची बेरीज कधीच करायची नसते, तो आकडा संख्या म्हणून लिहू नये.

असे केवळ आपल्याकडेच घडते, असेही समजू नकोस. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोरोनाबाधितांच्या सुमारे १६ हजार नोंदी वेळेवर आकडेवारीत आल्या नाहीत, कारण मधल्या टप्प्यावर माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये घेतली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. नव्या प्रकारात ती मर्यादा दहा लाखांच्या वर आहे. त्या नोंदी सापडेपर्यंत बाधितांच्या संपर्कात आलेल्या माणसांचा शोध लांबला. कोणतीही यादी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेली की दोन्हीकडच्या ओळींची संख्या आणि रकमेची बेरीज जुळवून पाहण्याची सवय आपल्या जुन्या कारकुनांना रोकडवहीमुळे होती. पडद्यावर काम करताना ती कोणी सोडू नये.

फाइली ठेवण्याची शिस्त शिकवायला बाहेरचा कोणी लागत नाही. सहा गठ्ठे पद्धत तू शिकला आहेसच: चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके (म्हणजे ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे), स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवायचे आणि नष्ट करायचे. संगणकावरही हेच सहा फोल्डर कर, आणि प्रत्येक फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग विषय लिही, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतील. 'नवीन', 'अंतिम' आणि 'अंतिम खरे' अशा नावांच्या फाइलींनी डेस्कटॉप भरलेला असला की त्या टेबलाची पुढची परिस्थिती मला कपाट न उघडताच कळते.

नस्त्या संगणकावरच चालवण्याच्या ई-ऑफिस प्रणालीच्या सत्रात एक गोष्ट नीट समजून घे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसी) तयार केलेल्या या प्रणालीत हिरवी, म्हणजे पक्की, टिपणी एकदा पुढे गेली की ती बदलता येत नाही, आणि नस्ती कोणाकडे किती वेळ होती, याचीही नोंद राहते. म्हणून विचार पक्का नसेल तेव्हा पिवळ्या टिपणीवर मसुदा करावा, वरिष्ठांशी बोलावे आणि मग ती कायम करावी.

यापुढचा विषय थोडा नाजूक आहे. तुझ्या साहेबांचे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन तुझ्या खणात असेल आणि त्याचा पिन तुला पाठ असेल, तर हे पत्र वाचून झाल्यावर ते नम्रपणे परत कर. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ नुसार आपली खासगी कळ (म्हणजे टोकनमधली सहीची गुप्त सांकेतिक किल्ली) आपल्या ताब्यात राहील याची काळजी घेणे हे स्वाक्षरीधारकाचे कर्तव्य आहे. आणि तुझ्या हातून त्यांच्या नावे काही गेले, तर चौकशीत तुम्ही दोघेही उभे राहाल. "साहेब, सही आपणच करावी, मी शेजारी उभा राहून सर्व उघडून देतो" एवढे म्हटले तरी पुरते. पासवर्ड कोणालाही सांगू नये, हे तुला ठाऊकच आहे. दुव्यावर टिचकी मारण्यापूर्वी पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधीचा शेवट वाचावा. शासकीय म्हणवणारा पत्ता तिथे 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' यांवर संपत नसेल, तर आधी फोन करून खात्री करून घ्यावी. आणि पैसे गेलेच, तर लाज बाळगत बसण्यात वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेवरही एखादे सत्र असेलच. इंग्रजी पत्राचा कच्चा मसुदा करून घ्यायला किंवा लांबलचक अहवालाचा गोषवारा काढायला ती बरी. परंतु तिने दिलेला शासन निर्णयाचा क्रमांक व दिनांक संकेतस्थळावर मूळ निर्णय उघडून पाहिल्याशिवाय टिपणीत घालू नकोस, कारण अस्तित्वातच नसलेला निर्णय ती मोठ्या आत्मविश्वासाने सांगते. नागरिकांची नावे, आधार क्रमांक, आजारांची माहिती अशा बाहेरच्या साधनात टाकण्याचा तर प्रश्नच नाही.

आयगॉट कर्मयोगी या शासकीय कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन प्रशिक्षण मंचावरील अभ्यासक्रमांबद्दल तू विचारले होतेस. अवश्य कर, मिशन कर्मयोगीला २०२० मध्ये मंजुरी मिळाल्यापासून तिथे पुष्कळ चांगले साहित्य आले आहे. दृक्‌श्राव्य धडा चालू ठेवून चहाला जाणारेही तुला भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस आणि त्यांचे अनुकरणही करू नकोस.

परत आल्यावर तुझ्यापुढे एक वेगळेच संकट उभे राहील. सर्वांत तरुण आणि नुकताच शिकून आलेला म्हणून तू कार्यालयाचा 'कॉम्प्युटरवाला' होशील. प्रिंटर अडला तर तू, वेतन देयक अपलोड होत नसेल तर तू, आणि तुझ्या स्वतःच्या प्रकरणांची थकबाकी वाढली की ठपकाही तुलाच. ज्येष्ठांना नकार देऊ नये, पण त्यांचे काम त्यांच्याच हातून करवून घ्यावे. शेजारी बसून सांगावे, माउस आपल्या हाती घेऊ नये. भाऊसाहेबांना पहिल्यांदा अर्धा तास लागेल, दुसऱ्यांदा दहा मिनिटे. तू करून दिलेस, तर मात्र ते दरमहा तुला हाक मारतील आणि निवृत्तीपर्यंत त्यांना ते येणार नाही. ज्यांनी तीस वर्षे हातानेच उत्तम नस्त्या लिहिल्या, त्यांच्याकडून बदल्यात टिपणी कशी लिहावी हे शिकून घे. दोघांचाही मान राहतो.

शेवटच्या दिवशी प्रशिक्षकांकडून सरावाच्या फाइली मागून घे. पुस्तिकेपेक्षा त्या अधिक उपयोगी पडतात. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात, जाण्याआधी लिहून काढलेल्या यादीतले एक काम, फक्त एकच, नव्या पद्धतीने करण्याची परवानगी अधीक्षकांकडे तोंडी न मागता टिपणी ठेवून माग, आणि पहिले दोन महिने जुनी नोंदवहीही सोबत चालू ठेव. दोन्हींत तफावत आढळली, तर ती कोठे पडली ते मला कळव. प्रवास भत्त्याच्या देयकासोबत उपस्थितीचे प्रमाणपत्र जोडायला विसरू नकोस.

तुझा शुभचिंतक