चौथ्यांदा तेच पुस्तक वाचणाऱ्या मुलीबद्दल (जरा लांबलचक उत्तर)

तुमची पोस्ट वाचली आणि आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. मुलगी १० वर्षांची, वाचनाच्या चाचणीत लेव्हल तीन इयत्ता पुढची निघाली, आणि बाईसाहेब मात्र 'डायरी ऑफ अ विम्पी किड' हे चित्रांनी भरलेलं विनोदी पुस्तक चौथ्यांदा घेऊन बसल्यात, तर आता तिच्या लेव्हलच्या दर्जेदार कादंबऱ्या सुचवा, असं तुम्ही म्हणताय. सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलाबद्दल मी हेच लिहिलं असतं, फक्त तो ९ वर्षांचा होता आणि पाचवी फेरी चालू होती.

आधीच सांगते, मी काही तज्ज्ञ नाही. एका मुलावर चुकून आणि दुसऱ्यावर शहाणपणाने केलेल्या प्रयोगांचा हा अनुभव आहे. आणि मूल वाचताना लवकर थकत असेल, ओळी हरवत असतील, अक्षरं उलटसुलट होत असतील तर यातलं काहीही मनावर न घेता आधी जाणकाराला दाखवा, तो वेगळा विषय आहे.

रोज वाचून दाखवा, घरात पुस्तकं हाताशी ठेवा वगैरे तुम्ही करत असणारच, ते सोडून देते.

तर आमचा मुलगा एका वाचन उपक्रमात जायचा. नाव घेत नाही, घेऊन आता उपयोगही नाही. तिथे प्रत्येक पुस्तकाला रंगाची पट्टी आणि प्रत्येक मुलाला एक रंग. चाचणीनंतर त्याला वरचा रंग मिळाला, आम्ही खूश. पुढच्या आठवड्यात त्याने खालच्या रंगाचं पुस्तक उचललं तर काउंटरवरच्या बाईंनी ते सगळ्यांसमोर हातातून काढून घेतलं आणि "हे तुझं नाही" म्हणून परत कपाटात ठेवलं. तो काही बोलला नाही, गाडीत पण नाही. मी दोन मेल केल्या, दोन्हींना शब्दश: तेच उत्तर आलं, मुलाच्या क्षमतेनुसार पुस्तकं दिली जातात. फोन केला तर म्हणाले मेल करा! असो, अजून डोकं तापतं.

पण खरी माती मी खाल्ली. त्या रंगाच्या नादाला लागून मी घरातलं विम्पी किडसुद्धा उचललं आणि कपाटावर सुटकेसच्या मागे ठेवून दिलं, का तर डोळ्यासमोर नसलं की चांगलं काहीतरी वाचेल. आणि हातात दिलं काय तर मूळ इंग्रजीतलं स्टीव्हन्सनचं 'ट्रेझर आयलंड', समुद्री चाच्यांची गोष्ट. पुस्तक उत्तमच आहे हो, पण १८८३ सालचं, खलाशांच्या बोलीने भरलेलं, आणि ९ वर्षांच्या मुलाने ते एकट्याने मुकाट वाचायचं. दोन महिने बुकमार्क १४व्या पानावर होता. मी विचारलं की म्हणायचा वाचतोय. मग वाचतोय म्हणणंही बंद झालं. जवळजवळ दीड वर्ष त्या मुलाने स्वत:हून एक पुस्तक उघडलं नाही, आणि त्याआधी तो जेवताना टेकवून वाचणारा मुलगा होता.

त्या लेव्हलबद्दल मला नंतर कळलं ते सांगते, कारण तुम्हीही त्यातच अडकलायत. यातलं सगळ्यात प्रसिद्ध माप म्हणजे लेक्साईल (आमच्या उपक्रमाचं नव्हे, त्यांचं काहीतरी स्वत:चंच होतं). ते मुख्यत: वाक्यं किती लांब आणि शब्द किती वापरातले किंवा विरळ, यावरून आकडा काढतं. त्या हिशेबाने स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॅथ', मोठ्यांची कादंबरी, येते ६८० ला, आणि तुमच्या मुलीचं ते डायरीवालं पुस्तक येतं ९५० ला. म्हणजे जे आपण 'सोप्पं' म्हणून लपवतो ते आकड्यात वर आहे. माप बनवणारेही सांगतात की आशय आणि वय यात धरलेलं नाही. पण आकडा हातात आला की आपल्याला तेवढाच दिसतो.

आणि परत परत वाचणं म्हणजे अडकून पडणं नाही, हे माझं आता ठाम मत आहे. गोष्ट माहीत असली की मूल बाकीच्या गोष्टी बघायला मोकळं होतं. विनोद कुठे पेरला होता, तो पोरगा स्वत:ला शहाणा समजतो पण खरं चित्रात वेगळंच दिसतंय, हे माझ्या मुलाने मला तिसऱ्या फेरीनंतर समजावून सांगितलेलं. मी ऐकलं नाही नीट, म्हटलं हो का, छान.

परत वाचायला लागला त्याचं श्रेय माझं नाहीच. तापात पडला होता, वेळ जाईना, म्हणून 'पर्सी जॅक्सन'चा पहिला भाग मी नुसता वाचून दाखवायला घेतला. १२ वर्षांचा हिरो, छोटी प्रकरणं, प्रकरणांची नावंच इतकी विचित्र की पुढे काय ते बघावंच लागतं. सातव्या का आठव्या प्रकरणाला माझा घसा बसला तर त्याने पुस्तक ओढून घेतलं. नंतर वाचलं की त्याचा लेखक रिक रायर्डन, त्याने ही गोष्ट मुळात आपल्या मुलाला झोपताना सांगितली होती, आणि त्या मुलाला वाचनाचाच त्रास होता. गंमत म्हणजे ज्या ट्रेझर आयलंडने आमची वाट लावली त्याची सुरुवातही सावत्र मुलासोबत रंगवलेल्या एका नकाशातून झाली, आणि स्टीव्हन्सन लिहिलेली प्रकरणं घरच्यांना वाचून दाखवायचा. म्हणजे ते पुस्तकच ऐकवायचं होतं, आणि मी ते शिक्षेसारखं हातात दिलं. मग आम्ही ते मोठ्याने वाचलं, नकाशाचं पान उघडं ठेवून, आणि त्यातला चाचा लाँग जॉन सिल्व्हर घरात सगळ्यांचा लाडका झाला.

आता सुचवायचं म्हणाल तर विषय बघून पुस्तक देऊ नका. कुत्रा आवडतो म्हणून कुत्र्याचं पुस्तक, असं नसतं. तिला त्या डायरीत काय आवडतं ते ओळखा. मोठ्यांची टिंगल आवडत असेल तर रोआल्ड डालचं 'मटिल्डा' द्या, क्वेंटिन ब्लेकची चित्रं आहेतच, त्यामुळे एकदम मजकुराच्या भिंतीवर आपटल्यासारखं होत नाही. हिरोची सारखी फजिती होणं आवडत असेल तर लुई साकरचं 'होल्स', प्रकरणं छोटी, आणि तीन वेगवेगळ्या काळातले धागे शेवटी असे जुळतात की पोरं परत पहिल्या पानावर जातात. मराठीत द्यायचं असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही पळतो, भाषा थोडी जुनी वाटेल पण वेग बघा. 'बोक्या सातबंडे' मुळात रेडिओसाठी लिहिलेलं, त्यामुळे वाचून दाखवायला फार सोयीचं. ग्राफिक नॉव्हेलला नाक मुरडू नका, 'न्यू किड'ला २०२० चं न्यूबेरी मेडल (अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार) मिळालंय, ते तर चित्रांचंच पुस्तक आहे.

सिरीज असेल तर अजून उत्तम. नवीन पुस्तकाची पहिली तीस पानं सगळ्यात जड असतात, कोण कोणाचं कोण तेच कळत नाही. सिरीजमध्ये तो खर्च एकदाच.

एक सावधगिरी. मेडलवाल्या यादीतली सगळी पुस्तकं डोळे झाकून देऊ नका. 'ब्रिज टू टेराबिथिया' सुंदर आहे, भाषाही सोपी, पण त्यात जे होतं ते मूल एकटं रात्री वाचत असताना होऊ नये. द्यायला हरकत नाही, मुलं दु:ख पेलतात, फक्त तुम्ही आधी वाचलेलं असू द्या आणि त्या दिवशी घरात असा. यावर दुमत असेल लोकांचं, असू दे.

हो, आणि अर्धवट सोडलेल्या पुस्तकावरून बोलणी नको. उलट सोडलेलं पुस्तकच जास्त माहिती देतं. धाकटीला मी विचारते, कुठल्या पानावर कंटाळा आला? एकदा म्हणाली, "तो मुलगा फारच चांगला आहे." बास, मला पुढची दहा पुस्तकं कळली.

विम्पी किड मी कपाटावरून काढून त्याला परत दिलं तेव्हा तो ११ चा होता. म्हणाला, "मला माहीत होतं कुठे आहे." मग घेतलं का नाहीस, तर म्हणे तुला आवडत नाही ना.

तर तुमच्या मुलीचं पुस्तक कुठे आहे सध्या, तिच्याकडेच आहे ना? आणि तिने अर्धवट सोडलेली एक-दोन पुस्तकं कुठली ते लिहा, मग नीट यादी देते.