बरोबरीची मुलं तिला काय शिकवणार?

प्रश्न : माझी मुलगी इलस्ट्रेटर आहे. पदवीनंतर दोन वर्षं ती एकटीच फ्रीलान्स कामं करते. काम चांगलं आहे, पण पोर्टफोलिओ कित्येक महिने अर्धवट पडलाय. क्लायंटनं पाचव्यांदा बदल सांगितले तरी जास्तीचे पैसे मागत नाही. आता तिला कलाक्षेत्रातल्या पाच-सहा जणांच्या ‘पीअर ग्रुप कोचिंग’ला जायचंय, म्हणजे एक कोच असतो, पण बरोबरीचेच एकमेकांच्या अडचणी सोडवायला मदत करतात. सगळे तिच्याइतकेच नवखे आहेत, वर फीसुद्धा आहे. त्यापेक्षा एखादा कोर्स केलेला बरा नाही का? — एक आई

उत्तर : नमस्कार ताई,

जे स्वतःच चाचपडताहेत ते दुसऱ्याला काय वाट दाखवणार, ही तुमची शंका रास्त आहे. चित्रकलेत किंवा सॉफ्टवेअरमध्ये ती कमी पडत असती, तर मीही कोर्सच सुचवला असता. पण तुम्ही लिहिलेल्या दोन्ही अडचणी कौशल्याच्या नाहीत. ऑफिसात ‘ते काम झालं का?’ असं विचारणारं कुणी ना कुणी असतं. एकट्यानं काम करणाऱ्याला तसं विचारणारं कुणी नसतं, आणि तिचं तिथेच अडलंय.

बरोबरीच्या लोकांनी एकमेकांना पुढे नेण्याची कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये रेग रेव्हन्स यांनी 1940च्या दशकात कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांसाठी ती वापरली. बाहेरचा तज्ज्ञ उत्तरं देणार नाही. खाण चालवणाऱ्यांनीच एकमेकांच्या खऱ्या अडचणींवर प्रश्न विचारायचे. पुढे ही पद्धत ‘ॲक्शन लर्निंग’ म्हणून ओळखली गेली.

चांगलं सेशन असंच चालतं. एकीची पाळी आली की तिनं अडचण मांडायची आणि बाकीच्यांनी सल्ला न देता प्रश्न विचारायचे. समजा, तुमच्या मुलीनं बदलांची गोष्ट काढली. कुणीतरी विचारेल, ‘कोटेशनमध्ये किती वेळा बदल करून देणार, हे लिहिलं होतंस?’ लिहिलेलंच नसेल, तर पुढचं तिचं तिलाच कळेल. हेच आपण घरी सांगितलं तर ते टोचतं. पाळी संपताना पुढच्या वेळेपर्यंत काय करणार ते तिनं सांगायचं, आणि पुढच्या सेशनची सुरुवात त्याच्या हिशेबानं होते. माझ्या मते खरी किंमत या हिशेबाची आहे.

अर्धवट चित्र दाखवायचं असेल, तर अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी 1990च्या सुमारास मांडायला घेतलेली पद्धत फार उपयोगी पडते. बघणारे आधी कामातलं काय भिडलं ते सांगतात. मग कलाकार प्रश्न विचारतो. नंतर बघणारे, प्रश्नात मत न लपवता, त्याला प्रश्न विचारतात. मत अगदी शेवटी, तेही कलाकाराची परवानगी घेऊन. घाईनं फेकलेल्या मतानं कच्चं काम तिथेच मरतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

तेव्हा फी भरण्याआधी तिनं सेशन घेणाऱ्या कोचला विचारावं : प्रत्येकाला किती मिनिटं नक्की मिळतात? ग्रुप शेवटपर्यंत तोच राहतो का? क्लायंटची नावं आणि अप्रकाशित कामं बाहेर जाणार नाहीत, असा नियम आहे का? कोचच बहुतेक वेळ बोलणार असेल, तर ते व्याख्यान झालं. फॉलोअर्स किंवा कामं मिळवून देण्याची हमी मिळाली, तर सरळ नाही म्हणावं. सगळेच इलस्ट्रेटर असण्यापेक्षा एखादा फोटोग्राफर, एखादी लेखिका, एखादा संगीतकार असलेला बरा. त्यांना तिच्या धंद्यातली ठरीव उत्तरं माहीत नसतात, म्हणून ते खरोखरच विचारतात. शिवाय एकाच क्लायंटवरून ओढाताण होत नाही.

फी जाते ती फार बोलणाऱ्याला थांबवणाऱ्या आणि गप्प बसणाऱ्याला बोलतं करणाऱ्या माणसासाठी. ते काम आळीपाळीनं सांभाळण्याइतकी शिस्त असेल, तर चार-पाच मित्रमैत्रिणी घड्याळ लावून फुकटातही असा ग्रुप चालवू शकतात. मात्र झोप उडाली असेल, चित्र काढावंसंच वाटत नसेल, तर ग्रुपची वाट न बघता समुपदेशकाला भेटा.

चार सेशन्स होऊ द्या, मग पोर्टफोलिओ हलला की नाही ते तिलाच ठरवू दे. तिथे कोण काय बोललं हे मात्र तिला विचारू नका. इतरांच्या गोष्टी बाहेर न सांगण्याचं वचन तिनंही दिलेलं असेल.