जोगाकबो शिकताय? आधी घडी घालायला शिका

जोगाकबो म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेलं कोरियन बासन. गोधडीचा हात असेल तर धावदोरा थोडा बाजूला ठेवा. बिनअस्तराच्या जोगाकबोत एकेरी कापडातून उजेड आरपार येतो, त्यामुळे प्रत्येक शिवण डोळ्यांत भरते. कोरियातल्या हानसानची मोसी, म्हणजे रॅमी या वनस्पतीच्या धाग्यांचं तलम कापड, फार सुंदर, पण पहिल्याच दिवशी ती नको. खळ दिलेलं पातळ सुती घ्या. नखाने दाबलेली घडी त्यावर टिकते.

दोन तुकड्यांच्या कडा दुमडा, सुलट बाजू समोरासमोर ठेवा आणि वरून बारीक तिरके टाके घाला. हे गामचिमजिल. सुईवर कडेचे दोन-तीनच धागे यावेत. मग उरलेली कड गुंडाळून पुन्हा शिवली की सामसोल: कच्ची कड कुठेच दिसत नाही! मी कित्येक आठवडे नुसते चौकोनच जोडले. दोरा मात्र ओढू नका, कापड आवळतं.