उतरती पाठ म्हणजे अस्सल जर्मन शेफर्ड?

प्रश्न : दीड वर्षाचा जर्मन शेफर्ड नर घ्यायचा आहे. पाठ जितकी उतरती तितका कुत्रा अस्सल, असं विकणारे सांगतात. खरं का?

उत्तर : नाही. मागचा एक पाय मागे ताणून उभा केला की पाठ उतरती दिसतेच. चारही पाय सरळ ठेवून मोजा : खांद्याच्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंत ६० ते ६५ सेंटिमीटर, अंगाची लांबी त्याहून थोडी जास्त. मग पट्टा सैल सोडून दुडक्या चालीने पळवा आणि मागून बघा. मागचे घोटे एकमेकांना घासत किंवा लटपटत असतील तर घेऊ नका. मेंढरांच्या कडेने दिवसभर धावण्यासाठी घडवलेली ही जात. चालीतच तिचं खरं रूप कळतं. दात ४२ हवेत. खुब्यांचा एक्स-रे मात्र काढाच, सांध्यातला दोष नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही.