सखू असं बोलणार नाही

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातील एका हायस्कूलमध्ये मराठीचा शिक्षक आहे. मुलगी १७ वर्षांची, बारावी सायन्सला आहे. दहावीला ९४ टक्के होते, अकरावीला ७१ झाले. वर्षभरात तिने बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या बायकांवर कादंबरी लिहिली. मी ती टाईप करून घेतली, भाषा शुद्ध केली, शेवट थोडा बदलला. आम्हाला चांगला लिटररी एजंट हवा आहे. एका संस्थेने एजंट, प्रकाशन, आयएसबीएन व कॉपीराइट नोंदणी असे ६५ हजारांचे पॅकेज सांगितले असून १० हजार भरले आहेत. १८ पूर्ण होण्याआधी पुस्तक आल्यास 'सर्वात लहान कादंबरीकार' म्हणून नोंद होईल, पुढच्या प्रवेशालाही उपयोग होईल. कन्नडला बुकर मिळते, मग आपल्याला का नाही? एजंट कसा निवडावा? (पत्र संक्षिप्त केले आहे.)

उत्तर : सर, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा एजंटसाठी, दुसऱ्यांदा त्या ६५ हजारांसाठी, आणि तिसऱ्यांदा एकच शब्द मोजायला. तुमच्या मूळ दोन पानांत 'आम्ही' अकरा वेळा आलंय. 'आम्ही लेखनाकडे वळलो', 'आम्ही कादंबरी पूर्ण केली'. 'ती म्हणते' असं मात्र एकदाही नाही. कादंबरी तिची, आणि पत्रात तिचा आवाजच नाही. मला काळजी वाटली ती इथं. टक्के ९४ वरून ७१ वर आले त्याची फारशी नाही. अकरावीला ते बहुतेक घरांत घसरतात.

लेकीच्या हातातली वही हिसकावून घेणारे बाप माझ्याकडे नेहमी येतात. तुम्ही त्यातले नाही. तुम्ही वही वाचलीत, टाईप करायला पैसे दिलेत, रात्री जागून मुद्रितं तपासलीत. म्हणूनच तुम्हाला सांगणं अवघड आहे. पण सांगते.

तुम्ही टाईप केलेली दहा पानं पाठवलीत. त्यांच्यात वहीतल्या एका पानाची झेरॉक्स आलीय, बहुधा चुकून. त्या पानावर शेडवर निवडायला बसलेली सखू बेदाणा तोंडात टाकते आणि मुकादमाला म्हणते, "ग्वाड हाय, पर आमच्या हजरीगत सुकून गेलाय." मी हे वाक्य वाचून थांबले. हजेरीचे पैसे कापलेत हे तिनं कुठंच सांगितलेलं नाही, पण आपल्याला कळतं. तेच वाक्य टाईप केलेल्या पानात असं आहे : "बेदाणा गोड आहे, परंतु आमच्या मजुरीप्रमाणे तो आकसलेला आहे," असे सखू उद्गारली.

सर, गंधकाच्या वासात सकाळपासून मांडी घालून बसलेली बाई उद्गारत नाही हो.

त्याच झेरॉक्सवर, तुमच्या लाल पेनच्या खुणेशेजारी समासात, पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलेलं आहे. पान उजेडात तिरकं धरलं तेव्हा लागलं : 'सखू असं बोलणार नाही.' लिहिलंही तिनंच, खोडलंही बहुधा तिनंच. तुमच्या पत्राचं उत्तर तिनं या चार शब्दांत आधीच देऊन ठेवलंय.

आता शेवट. तिच्या कादंबरीत मुलगी घर सोडून जाते. तुम्हाला ते 'पटले नाही', म्हणून तुम्ही तिला एमपीएससी करायला लावून तहसीलदार केलीत. मला हसू आलं, खरंच. मग वाईट वाटलं. तुम्ही घाबरलात का? कादंबरीतली मुलगी घर सोडते म्हणजे घरातली मुलगी बॅग भरून बसलीय असं नसतं. कधी कधी ते पानावर घडलं की घरात घडायचं राहतं. पण ती का जाते हे तुम्ही तिला विचारायला हवं होतं. तिला न विचारता तिची नायिका तुम्ही परस्पर सरकारी नोकरीला लावलीत.

एक घरचं सांगते. आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेसाठी बाबांनी मला भाषण लिहून दिलं होतं. मी पाठ केलं, दुसरा नंबर आला, बक्षीस म्हणून स्टीलचा तांब्या मिळाला. पुढं कितीतरी वर्षं आई त्याला 'बाबांचा तांब्या' म्हणायची. कुणाला काही खटकायचं नाही, मलासुद्धा नाही.

आता एजंट. इथं तुमचा एक मोठा गैरसमज आहे, आणि तो एकट्या तुमचा नाही. एजंट म्हटलं की आपल्याकडे डोळ्यासमोर येतो तो आरटीओबाहेरचा, नाहीतर प्लॉट दाखवणारा : आधी पैसे द्या, मग काम करतो. लिटररी एजंटचं गणित नेमकं उलटं असतं. तो लेखकाकडून आधी दमडीही घेत नाही, हस्तलिखित वाचायचेसुद्धा पैसे घेत नाही. पुस्तक आवडलं तर तो ते प्रकाशकाकडे नेतो, करारावर घासाघीस करतो, अनुवादाचे आणि सिनेमाचे हक्क फुकटात जाऊ देत नाही. लेखकाला पैसे आले की त्यातून आपला वाटा कापतो. इंग्रजी प्रकाशनव्यवहारात हा वाटा साधारण १५ टक्के, परदेशातले किंवा अनुवादाचे हक्क विकले तर २० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे लेखक कमावेल तेव्हाच एजंट कमावतो. जो आधी ६५ हजार मागतो त्याची कमाई तुमच्या चेकवरच झाली. पुस्तक विकलं काय नि गोदामात पडलं काय, त्याला फरक पडत नाही. त्यानं स्वतःला काहीही म्हणवून घेऊ दे, तो एजंट नाही.

मराठीत असे एजंट का सापडत नाहीत, हेही याच हिशेबात आहे. समजा, ३०० रुपयांचं पुस्तक, हजाराची आवृत्ती, लेखकाला १० टक्के. अख्खी आवृत्ती खपली तर लेखकाचे झाले ३० हजार. त्यातले १५ टक्के म्हणजे साडेचार हजार, तेही दोन-तीन वर्षांत तुकड्यातुकड्यानं येणारे. एवढ्यावर कुणाचं दुकान चालेल? म्हणून मराठीत लेखक सरळ प्रकाशकाला पत्र लिहितो, सोबत कथानकाचा गोषवारा आणि दोन-तीन प्रकरणं पाठवतो, आणि काही महिने वाट पाहतो. मौज, पॉप्युलर, राजहंस, मेहता ही नावं तुम्हाला मी सांगायला नकोत. पुढंमागं ती इंग्रजीत लिहायला लागली तर दिल्ली-मुंबई-जयपूरकडे एजंट आहेत. त्या वेळी त्यांना दोनच गोष्टी विचारायच्या : आजवर कोणती पुस्तकं कुठल्या प्रकाशकाला दिलीत, आणि त्या लेखकांशी बोलता येईल का. आवडत्या इंग्रजी पुस्तकाच्या शेवटी ऋणनिर्देश असतो, तिथं लेखक बरेचदा एजंटचं नाव घेतो. शोध तिथून सुरू होतो, मोबाइलवर आलेल्या जाहिरातीपासून नाही.

तुमच्या पॅकेजमधल्या ओळी एकेक करून बघितल्या. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, पाच हजार लावलेत. आपल्या देशात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो. (एजन्सी असूनही ती पैसे घेत नाही बघा.) कॉपीराइट नोंदणीचे आठ हजार लावलेत. साहित्यकृतीच्या नोंदणीची सरकारी फी ५०० रुपये आहे आणि मुळात ही नोंदणी सक्तीची नाही. कॉपीराइट लिहिताक्षणी निर्माण होतो आणि लेखकाच्या हयातीनंतरही ६० वर्षं टिकतो. त्या संस्थेच्या कराराच्या मसुद्यातलं दुसरं पान मात्र नीट वाचा : 'सर्व भाषांतील सर्व हक्क कायमस्वरूपी'. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. मुदत लिहायचीच राहिली असती तर एक वेळ बरं, पण इथं 'कायमस्वरूपी' असं स्वच्छ लिहिलंय. ती अजून सज्ञान नाही, म्हणजे सही तुमची लागणार. वीस वर्षांनी तिला आपल्याच पहिल्या पुस्तकाचं काही करायचं झालं तर कागदावर बापाची सही आडवी येईल. हे सही करायच्या आधी कुणा वकिलाला दाखवा, आणि खरं म्हणजे सहीच करू नका. भरलेले १० हजार लेखी मागा. आले तर आले. ते वसूल व्हावेत म्हणून उरलेले ५५ घालू नका.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर हेही ऐका. त्या कादंबरीचा कॉपीराइट तिचा आहे, वय १७ असलं तरी. कागद तुमचा, टायपिंगचे पैसे तुमचे, शुद्धलेखन तुमचं, तरी कादंबरी तिची. तिची संमती नसेल तर शेवट बदलायचा अधिकार तुम्हाला नाही. वर्गात हे तुम्ही मुलांना कॉपीबद्दल सांगतच असाल.

बुकरचं. २०२५ चं इंटरनॅशनल बुकर कन्नडला, बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प' या अनुवादित कथासंग्रहाला मिळालं, आनंदाची गोष्ट आहे. पण त्या संग्रहातल्या कथा १९९० ते २०२३ या काळात लिहिलेल्या आहेत, आणि लेखिकेनं पंचाहत्तरी ओलांडलेली आहे. ५० हजार पौंडांचं ते बक्षीस लेखिका आणि अनुवादिका यांच्यात निम्मं निम्मं वाटलं गेलं. त्यात 'सर्वात लहान' कुणीच नव्हतं. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराची वयोमर्यादासुद्धा ३५ आहे. ती १७ ची आहे. घाई तुम्हाला आहे, तिला नाही. आणि प्रवेशाचं म्हणाल तर मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या गुणवत्ता यादीत कादंबरीला रकाना नसतो.

तिला 'नीट' द्यायची असेल तर द्यावी, नसेल तर सायन्स पूर्ण करून मराठी, इंग्रजी, समाजशास्त्र यांपैकी कशातही बीएला जावं; लिहिणाऱ्याला यातलं काहीच वाया जात नाही.

पुढं काय? एक-दोन गोष्टी सुचवते, पण तिला. तुम्ही नुसत्या तिच्या कानावर घाला. बेदाण्याच्या शेडचं ते प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून उभं राहतं. ते दिवाळी अंकाला पाठवता येईल. बरेच संपादक पावसाळ्याच्या सुरुवातीपासूनच साहित्य गोळा करायला लागतात. संपादक कापेल, परत पाठवेल, कधी उत्तरच देणार नाही. ते तिला सोसू द्या, तुम्ही फोन करू नका. औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. तासगावहून लांब नाही. तिथं नुसतं बसून ऐकायचं. पुस्तकाएवढं लेखन तयार झालं, म्हणजे ती 'झालं' म्हणेल तेव्हा, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. तिथं ६५ हजार भरावे लागत नाहीत, उलट मंडळच प्रकाशनाला मदत करतं.

तुम्हाला भाषेचं काम करायचंच असेल तर एक काम आहे, आणि तुमच्याइतकं चांगलं ते दुसरं कुणी करणार नाही. ऱ्हस्व-दीर्घ बघा, निवेदनातले. संवादांना हात लावायचा नाही. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह काढा, पेन्सिलीनं, आणि वही तिच्या टेबलावर ठेवून या. उत्तर तिचं असेल. 'असू दे' असं असलं तरी तेच उत्तर.

टाईप केलेली फाईल तुमच्या संगणकावर राहू द्या, पण मूळ वही आज तिला परत करा. दुसरी झेरॉक्सही काढू नका.

मी शनिवारी चारनंतर विश्रामबागच्या कार्यालयात असते. तिला यायचं असेल तर येऊ दे, एकटी आली तरी चालेल. तुम्ही सोबत आलात तर खाली टपरीवर चहा चांगला मिळतो. तिला म्हणावं, दहा टाईप पानं नकोत, वही आण. ती मुलगी घर सोडून कुठं जाते ते मला वाचायचंय.