स्वस्त विमान कंपनीचं तिकीट शेवटी खरंच स्वस्त पडतं का?

पाठीवर एक छोटी सॅक टाकून दोन दिवसांसाठी जाणार असाल तर नक्की पडतं. मोठी बॅग असेल तर मात्र पहिल्या पानावरचा आकडा विसरा. पैसे भरायच्या पानापर्यंत जा, बॅग आणि सीट धरून झालेली रक्कम बघा आणि मगच दुसऱ्या कंपनीशी तुलना करा. बॅगेचे पैसे बुकिंगच्या वेळीच भरलेले बरे. मी एकदा गेटवरच्या, बॅगेचं माप बघायच्या त्या लोखंडी चौकटीत बॅग कोंबत होतो. सगळी बसली, चाकं तेवढी बाहेर राहिली. त्या चाकांपायी तिकिटापेक्षा जास्त पैसे मोजले!

विमानतळ कुठला, हेही बघा. रायनएअर ही युरोपातली स्वस्त विमान कंपनी 'पॅरिस' म्हणून जिथे उतरवते तो बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. बसभाडं आणि बसमधला वेळ कोण धरणार?

दोन वेगळी तिकिटं जोडून जात असाल तर जास्त जपा. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी सहसा हात वर करते, नवीन तिकीट तुमच्या खिशातून. मध्ये निदान चार-पाच तास ठेवा, आणि दिवसातलं शेवटचं विमान घेऊ नका.