स्टॉक नाही म्हणाले, मग पुढं काय?

(या अंकात उत्तरं देतायत आमचे नेहमीचे सल्लागार. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी होते, आता निवृत्त.)

प्रश्न: सर नमस्कार. मी नोकरीसाठी पुण्यात असते, आईबाबा अकोले तालुक्यात वाडीवर. बाबांना बीपी आणि शुगर दोन्ही. पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) लांब, एसटी दिवसातून दोनदाच. मागच्या तीन महिन्यांत दोनदा "गोळ्या संपल्यात, बाहेरून घ्या" म्हणून परत पाठवलं. आता बाबा म्हणतात मी तिकडं जातच नाही, तूच पाठव. मी पाठवते पण पार्सल उशिरा पोचलं की आठ आठ दिवस गोळी बंद. काय करू?

उत्तर: ताई, पुण्याहून पाठवताय ते लगेच बंद करू नका, पण बाबांना सांगा पीएचसीत जाणं सोडायचं नाही. का ते सांगतो, कारण खिडकीबाहेर उभ्या माणसाला हे दिसत नाही आणि आत बसलेला कुणी सांगत नाही. आम्ही वर मागणी पाठवायचो ती कशावरून, तर मागच्या खपावरून. आता समजा टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी दोन महिने आलीच नाही, तर त्या दोन महिन्यांचा खप शून्य, रजिस्टरला शून्य आणि ई-औषधीच्या, म्हणजे सरकारी औषधसाठ्याच्या, कॉम्प्युटरलाही शून्य, मग पुढची मागणी त्या हिशोबानं कमीच जाते आणि गोळी परत लवकर संपते. त्यात तुमच्या बाबांसारखी माणसं कंटाळून यायची बंद झाली की आकडा आणखी खाली. खरं तर किती दिवस औषध शिल्लक होतं ते बघून तेवढ्याच दिवसांचा खप धरायचा असतो. मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला हा घोळ केलाय, कुणी शिकवलंच नव्हतं, आणि त्याचा त्रास कुणाला झाला असेल ते आता कळतं.

तर बाबांचं नाव बीपी-शुगरच्या रजिस्टरला आहे का ते आधी बघा, नसेल तर घालून घ्या. गोळी नाही म्हणाले तर केसपेपरवर तसं लिहून मागा, भांडायचं नाही, "डॉक्टर एवढं लिहून द्या" इतकंच. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, औषधं सगळं मोफत आहे, त्यामुळं बाहेरची चिठ्ठी ही सवय होता कामा नये. तिथं रुग्ण कल्याण समिती असते, उपकेंद्राला जन आरोग्य समिती असते, सरपंचाला किंवा आशाताईला विचारा की तुमच्याकडं त्यात कोण कोण आहे. बरेचदा सदस्यालाच माहीत नसतं तो सदस्य आहे ते!

आणि पीएचसीपर्यंत दर महिन्याला जायलाच पाहिजे असंही नाही. सपाट भागात पाच हजार लोकसंख्येमागे आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजारांमागे एक उपकेंद्र असा हिशोब आहे, म्हणजे ते तुम्हाला पीएचसीपेक्षा जवळ पडेल. तिथं सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) असतील तर पीएचसीच्या डॉक्टरांनी एकदा औषध ठरवून दिलं की पुढच्या महिन्यांच्या गोळ्या त्यांच्याकडून मिळू शकतात. वाडीतले बीपी-शुगरवाले सगळे मिळून बोला, महिन्यातून एकदा अंगणवाडीत आरोग्य दिवस भरतो त्याच दिवशी गोळ्या वाटा म्हणावं. एकट्यानं मागितलं की विसरतात, आठ-दहा जणांची यादी हातात दिली की विसरत नाहीत. 2021 च्या डिसेंबरात पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला ड्रोननं लशी नेल्या, वीसेक किलोमीटर नऊ-दहा मिनिटांत, छानच झालं. पण बीपीची गोळी रोजची, तिला दर महिन्याला न चुकता येणारं माणूस लागतं.

अजून एक. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन औषधं एकत्र असलेली गोळी लिहिलीय का बघा, टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिन (हेही बीपीचंच औषध) एकातच अशी. पीएचसीत त्या वेगवेगळ्या असतात, मग पेशंटला वाटतं आपली गोळी इथं नाहीच. कंपनीच्या नावाऐवजी आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून आणा आणि पीएचसीच्या डॉक्टरांना दाखवा, बदल तेच करतील, तुम्ही घरी बसून करू नका. घरी पंधरा दिवसांच्या गोळ्या कायम जादा ठेवा, जुनी स्ट्रिप आधी संपवायची.

प्रश्न: आमच्या विकास सोसायटीत जन औषधी केंद्र काढावं असं चाललंय. गाव बावीसशे लोकवस्तीचं. चालेल का?

उत्तर: दादा, परवानगीचं म्हणाल तर 2023 पासून विकास सोसायट्यांनाही केंद्र काढता येतं. 120 चौरस फूट जागा, अन्न व औषध प्रशासनाचं लायसन आणि नोंदणी झालेला फार्मासिस्ट एवढं पाहिजे. अडतं ते शेवटच्यावर. औषधं स्वस्त म्हणजे नफाही किरकोळ, दहा रुपयांच्या स्ट्रिपवर दोन रुपये सुटणार, त्यात फार्मासिस्टचा पगार एकट्या बावीसशेच्या गावातून निघायचा नाही, सरकारी प्रोत्साहन धरूनसुद्धा. बाजाराच्या गावात आसपासच्या चार-पाच सोसायट्यांनी मिळून काढा. गावातली एखादी डीफार्म झालेली मुलगी असेल तर तिला आधी विचारा. सर्टिफिकेट भिंतीवर आणि माणूस नाशकात असला धंदा करू नका, लोक गोळी कशी घ्यायची ते विचारणार कुणाला?

तोपर्यंत एक सोय आहे, फार कुणाला माहीत नसते. हजारापर्यंत वस्तीच्या गावात पॅरासिटामॉल, ग्राइप वॉटर, बाम असली काही घरगुती औषधं लायसनशिवाय विकायला कायद्यात मुभा आहे. माल लायसनवाल्याकडूनच घ्यायचा आणि मूळ पॅकिंगमध्येच विकायचा. बावीसशेच्या गावाला ती लागू नाही, पण आसपास वाड्या असतील तर तिथल्या किराणावाल्याला सांगा. अँटिबायोटिक आणि बीपीच्या गोळ्या यात अजिबात नाहीत.

प्रश्न: सासूबाईंना इन्सुलिन आहे, घरात फ्रिज नाही, लाईट पण जाते. बाटली खराब होईल का?

उत्तर: चालू बाटली साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर टिकते, ऊन आणि चुलीपासून लांब ठेवा. गारव्यासाठी एका मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात छोटं मडकं, त्यात कोरड्या डब्यात बाटली, आणि वर ओलं फडकं, असं ठेवा. केनियातल्या एका निर्वासित छावणीतलं तापमान धरून केलेला अभ्यास 2021 मध्ये आला, त्यात 25 ते 37 अंशांत चार आठवडे इन्सुलिन ठीक राहिलं. न उघडलेल्या बाटल्या मात्र फ्रिजमध्येच हव्यात, उपकेंद्रात फ्रिज असेल तर तिथं, नाहीतर ज्यांच्याकडं फ्रिज आहे त्या शेजाऱ्यांकडं ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको, गोठलं की गेलंच. पाण्यासारखं असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं तर टाकून द्या. 30/70 वालं, म्हणजे दोन प्रकार मिसळलेलं इन्सुलिन, मुळातच पांढुरकं असतं, ते हातात हळू फिरवून घ्यायचं, पण त्यात गुठळ्या दिसल्या तर तेही नको.